उडी, कुडि

ट्रॅम्पोलीन. सर्कशीत: कसरतवाल्यांना उंच उडवायला.

समोरच्या गच्चीवर: एक जुनी, स्प्रिंगा गेलेली. तिच्यावर वडाम, तांदळाच्या पापड्या, वाळत घातलेत.

तंजावूरच्या राजवाड्यामागे, थेरपी केंद्रात: न बोलणाऱ्या मुलांकडून शब्द काढायला.

आणि केंद्राचा नियम, घरी: एकच भाषा. तमिळ.

चार वर्षांची हरिप्रिया ट्रॅम्पोलीनवर नाचत होती. भुवनेश्वरी मॅडमनी तिचे हात धरले होते. मध्येच त्या तिला थांबवत आणि वाट पाहत. तोंडाने मागितलं तरच पुन्हा.

भिंतीपाशी तिची आई विनुता बसली होती, शेजारी विनुताचे वडील अनिरुद्धराव. त्यांच्या घरात मराठी चालायची. दोन भाषांनी पोर गोंधळते, असं मॅडम म्हणाल्या आणि ती बंद झाली. विनुताने तमिळ धरलं. अनिरुद्धरावांचं तमिळ ऑफिसला, बाजाराला जन्मभर पुरलं होतं. नातीशी बोलायला ते तोंडात येईना. ते गप्प झाले.

मॅडमनी पुन्हा थांबवलं. हरिप्रियाने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"उडी."

"कुडि!" मॅडम हसल्या. तमिळमध्ये कुडि म्हणजे पी. पहिलं अक्षर गळालं, तेही येईल, असं विनुताला सांगत त्यांनी पाण्याची बाटली मुलीच्या तोंडाला लावली. मुलीने ढकलली. मॅडमनी पुन्हा लावली.

विनुताने वडिलांकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखे ते फरशीकडे बघत होते.

"अप्पा, ऐकलात?"

"मी नाही शिकवलो, अम्मा," ते हळूच लेकीला म्हणाले. "मी बोलतच नाही तिच्याशी."

विनुता उठली. तिने मॅडमना सांगितलं, पोरीला पाणी नको आहे. तिला उडी मारायची आहे, आणि ते ती आमच्या भाषेत मागते आहे.

मॅडम बाटलीचं झाकण फिरवत राहिल्या. ते कधीच घट्ट बसलं होतं. मग त्या बाजूला सरकल्या.

"ताता, तुम्ही या," त्या आजोबांना तमिळमध्ये म्हणाल्या. "तुम्ही म्हणा."

अनिरुद्धरावांनी नातीचे हात धरले. घसा खाकरला. त्यांच्याआधी तीच म्हणाली, "उडी."

त्या सकाळी केंद्राकडे येताना बस अंगावर आली, तेव्हा त्यांनी तिला दंड धरून मागे ओढलं होतं. मराठी बंद म्हणून ‘थांब’सुद्धा म्हणाले नव्हते.