बारा नगांचा डबा

दंतवैद्यांच्या अधिवेशनासाठी शहर बघायला डॉक्टर तोगाशी आले, तेव्हा मला धास्तीच होती. शेजारच्या शहराचं सभागृह नवंकोरं, काचेचं. आमचं चाळीस वर्षांचं. पालिकेतल्या माझ्या वरिष्ठ कुवाबाराबाई मात्र त्यांना थेट स्टेशनातल्या मिठाईच्या दुकानात घेऊन गेल्या.

"अहो बाई, सभागृह?"

"सभागृहात खुर्च्या असतात, डॉक्टर. तुमच्या दवाखान्यात माणसं किती?"

"अकरा."

"हा डबा बारा नगांचा. प्रत्येक नग वेगळा बांधलेला, दहा दिवस टिकतो. आणि मिळतो फक्त आमच्याच गावात."

"दातांच्या डॉक्टरनं मिठाई वाटायची?"

"बाहेरगावी गेलेल्यानं कामावरच्या सगळ्यांना खाऊ न्यायचा, हा आपला रिवाजच. मग रिकाम्या हातानं परत जाऊन दाखवा."

डॉक्टर हसले. त्यांनी डबा घेतला, सभागृह उभ्या उभ्या पाहिलं आणि "कळवतो" म्हणून गाडीत बसले.

"गेलं हातातून," मी म्हणालो.

"सोमवारपर्यंत थांब," बाई म्हणाल्या.

सोमवारी चहाच्या वेळेला फोन वाजला. डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स बोलत होती.

"तुमचा डबा संपला. अधिवेशन तुमच्याकडेच ठरलंय," ती म्हणाली. "डॉक्टरांना आम्ही आत्ताच सांगितलं."