फक्त माझ्यासाठी

शहरातल्या सगळ्यांचे मेंदू जिथून मोठमोठ्या गणितांसाठी तास ठरवून वाटले जात, त्या केंद्रात वसुधा आलेल्या मागण्या तपासत होती. तिच्या नवऱ्याचा, हेरंबचा मेंदू रोज दुपारी तीनला कुणीतरी 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय टाकून मागून घेत होतं आणि गणित मात्र एकही चालवत नव्हतं.

कोण ही भवानी?

घरी आल्या आल्या तिने विचारलं, "रोज तीनला तुझ्या डोक्यात कोण असतं?"

"मीच," हेरंब ओशाळून म्हणाला. "मागणी टाकल्याशिवाय माझा मेंदू मलाही मिळत नाही."

वसुधाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचाच मेंदू 'फक्त माझ्यासाठी' म्हणून मागून पाहिला.

पडद्यावर उत्तर आलं: रांगेत तुमच्यापुढे चारशे बारा जण आहेत.