आरशातली नवरी

“अहो, आईची नथ उजवीकडे कशी?” शर्वरीताईंनी विचारलं आणि मला माझी चूक कळली. त्यांच्या आईंच्या लग्नाची जुनी फिल्म आकसली होती, कडेची भोकं फाटली होती. एकेक चित्र हाताने सरकवत मी ती कॉम्प्युटरवर कॉपी केली होती, पण फिल्मच उलट्या बाजूने लावल्यामुळे डावं-उजवं बदललं होतं.

घाईघाईने मी पडद्यावरचं चित्र सरळ केलं.

सगळंच विसरत चाललेल्या आई आतापर्यंत हसत बघत होत्या. आता त्यांनी विचारलं, “ही बाई कोण?”

शर्वरीताईंचे डोळे भरले. मी चित्र पुन्हा उलटं केलं.

मुंडावळ्या हलल्या, धुरकट उजेडातून नवरी वळली. आरशापुढे बसल्यासारख्या आई पुढे झुकल्या. त्यांचा हात रिकाम्या नाकाकडे गेला.

“आलेच हं,” त्या कुणाला तरी म्हणाल्या, “एवढी नथ नीट करते.”