करंजाखालचा देव

साधनाचा शोधनिबंध इंटरनेटवर आला, त्याच दिवशी ती हिंगोलीहून पेढे घेऊन साखरा गावी गेली. करंजाच्या तेलाचं डिझेल आणि बदलतं हवामान, असा तिचा विषय. तीन उन्हाळे तिने एकाच झाडाच्या बिया तपासल्या होत्या, आणि ते झाड तिथल्या शकुबाई या शेतकरी बाईच्या बांधावर होतं. मध्येच तुटलं असतं, तर सगळा अभ्यास वाया गेला असता.

"मावशी, आता जगात कुठूनबी वाचता येतंय."

"आपल्या गावाचं नाव हाय त्यात?"

"हाय की!"

शकुबाईच्या नवऱ्याने, वैजनाथने, पेढा आधी करंजाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडाला दाखवला, मगच खाल्ला आणि तो बैलांकडे गेला. हा दगड दुसऱ्या उन्हाळ्यात अचानक उगवला होता. अभ्यासाच्या झाडाखाली देव बघून साधना तेव्हा मनातून चिडलीच होती.

"मावशी, हा देव कोणता?"

"मला काय म्हाईत? वढ्यातून मीच उचलून आणला."

"काहून?"

शकुबाईने आवाज खाली आणला. "पयल्या साली तू बिया घेऊन गेलीस, आन् मालक कुऱ्हाडीला धार लावून बसले. सावलीत सोयाबीन वाढत न्हाई म्हणे. लेकराचा अभ्यास हाय म्हनलं, तर माझं ऐकतेत व्हय? शेंदराला मात्र बराबर भेतेत."

साधनाने चपला काढल्या.

"अगं माय, सांगितलं न्हाई का, नुसता धोंडा हाय!" शकुबाई हसली.

"व्हय," म्हणत साधना तिच्याच पाया पडली.