सोयीचं दुखणं

सासूबाईंनी पलंगाची कळ फिरवली. डोक्याकडची बाजू वर येऊ लागली तशी सुनेने कपाळ गच्च धरलं.

"आई, नको. डोकं फुटतंय."

कळ उलटी फिरली. सून आडवी झाली आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"थांबलं?"

"हो."

"मोठं सोयीचं दुखणं आहे बाई. बाळाला पाजायला बसवलं की हजर, लोळलं की पसार."

सासूबाईंनी आपली बाळंतपणं मुकाट्याने काढली होती. हिला पाठीत सुई टोचून कंबरेखाली भूल दिली, पोट कापून मूल काढलं, आणि दुखतंय काय, तर डोकं. हे काही त्यांच्या गळी उतरेना. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या बाईलाही ऐकवलं. ती हसली. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही गोष्ट आता आपल्याआधी घरी पोचणार, हे तिला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले. त्यांना नर्सने सांगितलं होतं, पण सासूबाईंना त्यातही संशय. न बोलावता डॉक्टर येतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"डोकं दुखतंय म्हणे," डॉक्टर सुनेला म्हणाले. "आडवं झालं की थांबतं का?"

यांनाही सासूबाईंनीच पढवलेलं दिसतंय, असं तिला वाटलं. पलंगाच्या पायथ्याशी त्या हाताची घडी घालून उभ्याच होत्या.

"नाही," सून म्हणाली. "पडल्यावरही तेवढंच दुखतं."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "मग सुईचं नाही. सुईच्या छिद्रातून कधीकधी मणक्यातलं पाणी झिरपत राहतं. तसं असतं तर बसल्यावर डोकं ठणकलं असतं आणि आडवं होताच थांबलं असतं. त्यावर वेळेत इलाज करावा लागतो, नाहीतर जिवावर बेतू शकतं. तुमचं हे जागरणाचं. आज घरी जायला हरकत नाही."

सून घाबरली. आता शब्द फिरवावा, तर खरं कोण मानणार? तिने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर दाराशी पोचले होते. सासूबाईंनी लगबगीने जाऊन त्यांची बाही धरली.

"थांबा. खोटं बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकानं."