कॉलरचा माइक

"कट," केतकी म्हणाली. "बाबा, आई गेली त्या दिवसाबद्दल बोलताय तुम्ही. एसटीचं वेळापत्रक वाचल्यासारखं काय बोलता? जरा आतून येऊ द्या ना."

कोचावर अवघडून बसलेले बाबा कसंनुसं हसले. लेकीच्या फिल्मसाठी त्यांनी मुद्दाम कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. "पाणी पिऊन येतो," म्हणत ते स्वयंपाकघरात गेले.

"ह्यांना जमणारच नाही. माझ्या डिप्लोमा फिल्मची वाट लावणार हे," केतकी पुटपुटली. साउंड सांभाळणारा तिचा वर्गमित्र इरफान तिच्याकडे वळला. त्याने कानावरचे हेडफोन काढून तिच्यापुढे धरले. बाबांच्या कॉलरचा माइक काढायचा राहून गेला होता.

नळ सोडल्याचा आवाज येत होता आणि त्याच्याआड बाबा बोलत होते. "ती म्हणाली, कणीक भिजवलीय, दवाखान्यातून आले की पोळ्या टाकते..." ते थांबले. खाकरून पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले, उद्या परीक्षा असलेल्या मुलासारखे. 'कणीक' शब्दापाशी आवाज फुटला आणि मग नुसतेच हुंदके ऐकू येत राहिले.

रेकॉर्डर बंद करायला इरफानने हात पुढे केला. केतकीने तो धरला. "राहू दे," ती म्हणाली. "असंच हवं होतं."

थोड्या वेळाने बाबा तोंड पुसत बाहेर आले आणि कोचावर पूर्वीच्याच जागी बसले.

"तुझं बरोबर होतं गं. आता जमेल मला. घे परत."

केतकीला मान वर करता येईना. रेकॉर्डरचा लाल दिवा तिने तळहाताने झाकला.