मूळ साचा

"जरा पाठ वळली की घातलाच हात! दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवायची खोड काही जात नाही," मॅडम पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे सगळ्या खोलीला नीट ऐकू जाईल, एवढ्याच हळू.

शेजारच्या खुर्चीतली त्यांची भावजय टाइप करायची थांबली.

इथे गणिताचं सॉफ्टवेअर तयार व्हायचं. आकड्यांऐवजी अक्षरांनी गणितं सोडवणारं. त्यातल्या प्रत्येक फंक्शनला, म्हणजे वर्गमूळ काढण्यासारख्या एकेका कामाला, एक साचा. फंक्शनने आपणहून उत्तर कधी द्यायचं आणि गप्प कधी बसायचं, ते साचा ठरवणार. कोणाला नवं फंक्शन हवं असेल तर त्याने ते मूळ साच्याला जोडूनच बेतावं, म्हणजे मूळ बदललं की तेही बदलणार. मूळ साचा मॅडमचा. त्याला बोट लावायचं नाही, हा शिरस्ता.

त्या साच्यात मॅडमचा एक लाडका नियम होता. वर्गाचं वर्गमूळ विचारलं, की अक्षर धन आहे की ऋण याची चौकशी न करता तेच अक्षर उत्तर म्हणून देऊन मोकळं व्हायचं; अक्षर ऋण निघालं तर उत्तर चुकेना का. आज फाइल उघडली तर तो नियम गायब. त्याच्या जागी लिहिलेलं: माहीत नसेल तर उत्तर देऊ नये, आहे तसं राहू द्यावं.

"कोणाचा हा उद्योग?"

"माझा," भावजय म्हणाली.

"कोणाला विचारून?"

"तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी शिक, मग शिकव."

"आणि शिकलीस वाटतं! भावाची बायको म्हणून खुर्ची दिली, तर निघाली माझंच गणित सुधारायला. आजपासून या कामातून तुझी सुट्टी. आणि घरी जाऊन नवऱ्यापुढे टिपं गाळायची नाहीत."

टेस्टिंगवाले काका चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

मॅडमचं एवढ्याने समाधान होईना. त्यांना साक्षीदार हवे होते. "सांगा हिला. मूळ साचा हलला की सगळ्यांची गणितं हलतात. कोणाकोणाचं काम अडलं?"

सगळे आपापल्या स्क्रीनकडे पाहू लागले.

"काका, तुमचं?"

"नाही... म्हणजे, तसं काही जाणवलं नाही."

मॅडमनी बदलाची तारीख पाहिली. मागच्या महिन्यातली. म्हणजे एव्हाना खोलीत हलकल्लोळ व्हायला हवा होता. एकाचीही तक्रार नव्हती.

"इतके दिवस कोणालाच कळलं नाही?" त्यांचा आवाज उतरला.

काकांनी भावजयीकडे पाहून हळूच मान हलवली. नको, बाई.

तिने निघायला म्हणून खांद्याला लावलेली पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"कळणार कसं, वन्सं? प्रत्येकाने आपापला वेगळा साचा केव्हाच करून घेतलाय. तुमच्याशी वाद कोण घालणार? तुमचा वापरणारी मी एकटीच उरलेय."